तोफेतून क्षेपणास्त्र: शेरिडन रणगाड्याचं प्रकरण

रणगाड्याच्या मुख्य तोफेतूनच मार्गदर्शित क्षेपणास्त्र सोडायचं ही कल्पना आज नवलाईची राहिलेली नाही. आपल्या टी-९० रणगाड्यांत ती सोय आहे, अर्जुनसाठी तशा चाचण्या झाल्या आहेत. पण ही कल्पना पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर अमलात आणली अमेरिकी लष्करानं, शेरिडन या हलक्या रणगाड्यात. त्यांचा हा प्रयोग का फसला, आणि नेमका कुठल्या वळणावर फसला, एवढंच इथं पाहायचं आहे. कुणा अधिकाऱ्याचं किंवा अभियंत्याचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही. निर्णय समित्यांनी घेतले होते, आणि त्या समित्यांत बसलेली माणसं मूर्ख नव्हती.

पार्श्वभूमी

१९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी लष्करापुढे दोन प्रश्न होते आणि ते मुळात वेगवेगळे होते.

पहिला हलक्या रणगाड्याचा. छत्रीधारी सैनिकांबरोबर विमानातून टाकता येईल आणि नदी पोहून पार करेल असं चिलखती वाहन त्यांच्याकडे नव्हतं. एम-४१ वॉकर बुलडॉग हा तेव्हाचा हलका रणगाडा तेवीसेक टनांचा. तो विमानातून टाकण्याच्या दृष्टीनं जडच. एम-५६ स्कॉर्पियन टाकता यायचा, त्यावर ९० मिमीची तोफही होती, पण चिलखताच्या नावानं शून्य. तोफची अक्षरशः उघड्यावर बसायचा. टी-९२ नावाचा एक चांगला नमुना तयार होत आला होता. तेवढ्यात सोव्हिएत पीटी-७६ पाण्यात पोहतो हे समोर आलं, आणि टी-९२ला पोहता येत नव्हतं. तो बाजूला पडला.

दुसरा प्रश्न मोठ्या रणगाड्यांचा, लांबच्या नेमाचा. त्या काळी रणगाड्यात लेझर अंतरमापक नव्हता. तोफची भिंगांच्या यंत्रातून दोन प्रतिमा जुळवून अंतर काढायचा. हजार मीटरपर्यंत हे ठीक चालायचं. दोन किलोमीटरवर अंदाजात शंभर-दीडशे मीटरची चूक झाली, की गोळा लक्ष्याच्या डोक्यावरून जायचा किंवा आधीच जमिनीत रुतायचा. पश्चिम युरोपच्या मैदानात संख्येनं जास्त असलेल्या सोव्हिएत रणगाड्यांना लांबूनच थोपवायचं, अशी अमेरिकेची सगळी मांडणी होती. त्यामुळे ही उणीव बोचणारी होती. भावी रणगाड्यांच्या शस्त्रांचा विचार करायला १९५७ साली एक तज्ज्ञगट नेमला गेला. साधी तोफ सोडून मार्गदर्शित क्षेपणास्त्राकडे वळावं, असा त्याचा कौल होता.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर देता येईल. प्रकरणाची सुरुवात इथं होते.

अडचण नेमकी काय होती

चिलखत फोडायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे वेग. कठीण धातूचा दांडा सेकंदाला दीड हजार मीटरच्या आसपास वेगानं आदळवायचा. त्यासाठी लांब, भक्कम नळी लागते आणि तिचा मागचा धक्का सोसायला जड रणगाडा लागतो. पंधरा टनांच्या वाहनाला हे झेपत नाही.

दुसरा मार्ग पोकळ शंकूच्या स्फोटकाचा. स्फोट झाला की शंकूचं तांब्याचं अस्तर वितळल्यासारखं पुढं झेपावतं आणि पोलादातून आरपार जातं. इथं गोळा किती वेगानं आला याला महत्त्व नाही. महत्त्व आहे ते शंकूच्या व्यासाला. म्हणजे हलक्या वाहनावर आखूड पण रुंद नळी बसवता येते, गोळा सावकाश सोडला तरी चालतो.

पण सावकाश सुटलेला गोळा उंच कमान करून जातो. कमान जितकी उंच, तितकी अंतराच्या अंदाजातली चूक महाग. म्हणजे ज्या दुखण्यावर इलाज शोधायचा होता, तेच या तोफेत जास्त बळावणार होतं. जवळच्या लक्ष्यावर मार भरपूर, लांबच्या लक्ष्यावर नेमाची बोंब.

यावर तोडगा निघाला तो असा: जवळच्यासाठी साधा गोळा, लांबच्यासाठी त्याच नळीतून क्षेपणास्त्र. नळी रुंद आहेच, तिच्यात क्षेपणास्त्र मावेल. कागदावर हे तर्कशास्त्र अगदी घट्ट बसतं. मला आजही त्यात तार्किक चूक सापडत नाही. चूक त्या तर्कात नव्हती. तो खरा ठरण्यासाठी किती गोष्टी एकाच वेळी बिनचूक व्हायला हव्या होत्या, याचा हिशेब कुणी मांडला नव्हता.

समोर असलेले पर्याय

साधी ७६ किंवा ९० मिमी तोफ घेऊन हलका रणगाडा करायचा, हा सर्वांत सरळ पर्याय. तो काम करणार हे ठाऊक होतं, आणि नव्या सोव्हिएत रणगाड्यांचं पुढचं चिलखत त्याला फुटणार नाही हेही ठाऊक होतं.

दुसरा पर्याय क्षेपणास्त्र बाहेर लावण्याचा. फ्रेंचांनी हे करून दाखवलं होतं. त्यांची एसएस-१० आणि एसएस-११ ही क्षेपणास्त्रं मागे तार सोडत जायची आणि चालवणारा माणूस छोट्या दांडीनं त्यांना वळवायचा. यात तोफेशी काही संबंध येत नाही, हा मोठा गुण. पण क्षेपणास्त्र बाहेर लावलेलं, तर पुन्हा भरायला माणसानं बाहेर यायचं. गोळ्यांच्या आणि तुकड्यांच्या वर्षावात ते कोण करणार? शिवाय दांडीनं वळवणं फार कौशल्याचं. सराव सुटला की नेम सुटला.

तिसरा पर्याय होता वाट पाहण्याचा. मोठ्या रणगाड्यांवर १०५ मिमीची नवी तोफ येत होती आणि अंतर मोजण्याची साधनं सुधारत होती. हा पर्याय गंभीरपणे मांडला गेल्याचं दिसत नाही. शीतयुद्धाच्या त्या वर्षांत ‘थोडं थांबू या’ म्हणणाऱ्याची बाजू कमजोरच असायची.

चौथा, आणि निवडलेला पर्याय म्हणजे १५२ मिमी व्यासाची तोफ-प्रक्षेपक. एकाच नळीतून गोळाही आणि क्षेपणास्त्रही.

घेतलेले निर्णय

१९५९ साली क्षेपणास्त्राचं काम फोर्ड कंपनीच्या एरोन्यूट्रॉनिक विभागाला मिळालं. त्याचं नाव शिलेली. वजन सुमारे २७ किलो, लांबी सव्वा मीटरच्या आत. चालवण्याची पद्धत तेव्हाच्या मानानं फार पुढची होती. तोफचीनं फक्त दुर्बिणीतली फुली लक्ष्यावर धरून ठेवायची. क्षेपणास्त्राच्या शेपटीतल्या इन्फ्रारेड उजेडाचा माग रणगाड्यावरचं यंत्र घ्यायचं, ते फुलीपासून किती सरकलंय ते मोजायचं आणि इन्फ्रारेड किरणांतूनच त्याला वळण्याचा हुकूम द्यायचं. तार नाही, दांडी नाही. सुरुवातीचा पल्ला दोन किलोमीटर, नंतरच्या आवृत्तीत तीन. वेग सेकंदाला तीनशे मीटरच्या थोडा वर. म्हणजे पूर्ण पल्ला गाठायला दहाएक सेकंद, आणि तेवढा वेळ तोफचीनं हलायचं नाही.

वाहनाचं काम जनरल मोटर्सकडे गेलं. ॲल्युमिनियमचा सांगाडा, पोलादी बुरूज, पंधरा टनांच्या आसपास वजन, पोहता येणारं, विमानातून टाकता येणारं. हाच एम-५५१ शेरिडन.

यानंतर एक निर्णय झाला, तो तेव्हा फारसा मोठा वाटला नसावा. साध्या गोळ्याचं दारूचं आवरण पितळी नको, जळून जाणारं हवं, असं ठरलं. कारण पटण्यासारखं होतं. अरुंद बुरुजात रिकाम्या पितळी नळकांड्यांचा ढीग होत नाही आणि वजन वाचतं. पण यामुळे एकाच वाहनात चार नवख्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या: नवं क्षेपणास्त्र, नवी तोफ, नव्या प्रकारचा दारूगोळा आणि नवं वाहन. यातली कुठलीही एक अडली की बाकीच्या तीन अडणार होत्या.

आणि त्या अडल्याच. एकापाठोपाठ एक.

जळणारं आवरण ओल शोषून घ्यायचं, फुगायचं, हाताळताना फाटायचं. फाटलं की दारू बुरुजात सांडायची. ते नीट जळलं नाही तर नळीच्या मागच्या टोकाशी निखारे उरायचे, आणि पुढचा गोळा त्यांच्यावर भरायचा. हे निखारे उडवायला आधी जी हवेची व्यवस्था केली, ती मागचं दार उघडल्यावर काम करायची. त्यात धुमसते तुकडे उलटे बुरुजात येण्याची सोय झाली. मग दार बंद असतानाच दाबाच्या हवेनं नळी साफ करणारी यंत्रणा बसवली. गोळ्यांना रबरी पिशव्या घातल्या, त्या भरताना काढायच्या. प्रत्येक उपाय आपल्या जागी बरोबर होता, आणि प्रत्येक उपायानं वाहनात नवा भाग, नवं वजन, नवी देखभाल आणली.

तोफेचा धक्का हा दुसरा प्रकार. मोठा गोळा उडाला की पंधरा टनांचा शेरिडन पुढून उचलला जायचा. पुढची चाकं जमिनीवरून सुटायची. माणसांना तो सोसवायचा. त्याच बुरुजात बसवलेल्या क्षेपणास्त्राच्या नाजूक इलेक्ट्रॉनिक यंत्रांना तो सोसवत नव्हता. दोन-चार गोळे उडवल्यावर माग घेणारं यंत्र जागेवरून ढळायचं. एका शस्त्रानं दुसऱ्याला मोडायचं, असा हा संसार.

तिसरी गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. नळीला आतून पेच होते, गोळा फिरत जावा म्हणून. क्षेपणास्त्र मात्र फिरून चालत नाही. म्हणून त्याला एक खुंटी ठेवली आणि ती सरळ सरकावी म्हणून नळीत लांबलचक खाच पाडली. साधे गोळे उडवता उडवता त्या खाचेपासून नळीला तडे जाऊ लागले. मग खाच कमी खोल केली, नळी बदलली, क्षेपणास्त्राची खुंटी बदलली. तोफेनं क्षेपणास्त्राला जागा दिली आणि त्यापायी तोफच कमकुवत झाली.

उत्पादनाचा निर्णय

प्रकरणातला कळीचा निर्णय १९६५चा. दारूगोळ्याचे प्रश्न उघडे असताना शेरिडनच्या मोठ्या उत्पादनाची मागणी नोंदवली गेली. वाहनं १९६६पासून कारखान्यातून बाहेर पडू लागली आणि १९७०पर्यंत दीड हजारांहून जास्त तयार झाली. मधल्या काळात विचित्र स्थिती होती: रणगाडे तयार आहेत, त्यांच्या तोफेत घालायला भरवशाचे गोळे नाहीत. व्हिएतनाममधल्या सेनापतींना शेरिडन देऊ केला, तेव्हा मुख्य तोफेचा दारूगोळाच नसेल तर तो नको, असं उत्तर आलं. अडचण इतकी वाढली, की मध्यंतरी शेरिडनवर दुसरी, साधी तोफ चढवायचाही विचार झाला. तो पुढं गेला नाही.

१९६९ साली प्रतिनिधिगृहाच्या एका उपसमितीनं लष्कराच्या रणगाडा कार्यक्रमाची झडती घेतली आणि या घाईवर कडक ताशेरे ओढले. त्याच सुमाराला याहून मोठी गोष्टही चालू होती. शेरिडन अजून धड चालत नसताना तीच तोफ-प्रक्षेपकाची कल्पना आणखी दोन ठिकाणी गेली होती. पॅटन मालिकेतल्या एम-६० रणगाड्याचा नवा बुरूज, म्हणजे एम-६०ए२, आणि पश्चिम जर्मनीबरोबर मिळून करायचा एमबीटी-७०. एक प्रयोग सिद्ध होण्याआधी त्याच्यावर आणखी दोन मजले चढवले.

असं का होतं हे समजणं कठीण नाही. कारखाना उभा आहे, माणसं कामाला लागली आहेत, निधी मंजूर आहे. थांबलो तर निधी परत जाईल आणि पुन्हा मिळेलच असं नाही. गोळ्याचा प्रश्न ‘लवकरच’ सुटणार आहे असं प्रत्येक अहवालात लिहिलेलं. अशा वेळी ‘उत्पादन थांबवा’ म्हणणाऱ्याकडे पुरावा लागतो आणि ‘चालू ठेवा’ म्हणणाऱ्याला तो मागत नाहीत.

निकाल

जानेवारी १९६९मध्ये ६४ शेरिडन व्हिएतनामला पोचले. त्यांच्यात एकही क्षेपणास्त्र नव्हतं. शत्रूकडे रणगाडे फारसे नव्हते, दमट हवेत नाजूक यंत्रं टिकणार नव्हती. म्हणून मार्गदर्शनाची सामग्री काढून टाकली आणि त्या जागेत जास्तीचे साधे गोळे भरले. ज्या शस्त्रासाठी सगळ्या वाहनाचा आकार ठरला, ते शस्त्र पहिल्याच लढाईत घरी राहिलं.

फेब्रुवारीत एका शेरिडनखाली भूसुरुंग फुटला. सुरुंग फार मोठा नव्हता. तेवढ्या सुरुंगातून जुना पॅटन रणगाडा बहुधा चाक गमावून सुटला असता. इथं तळाचं ॲल्युमिनियम फाटलं, जळणाऱ्या आवरणांच्या गोळ्यांनी पेट घेतला आणि चालक मारला गेला. तळाला नंतर जादा पोलाद लावलं, पण जवानांच्या मनातली धास्ती गेली नाही. पुष्कळ जण गाडीच्या आत बसण्याऐवजी वर बसून प्रवास करायचे. पहिल्या तीन महिन्यांच्या नोंदीत तोफ न उडण्याचे ४१ प्रसंग आहेत, गोळ्यांची १४० आवरणं फाटली आहेत आणि २५ इंजिनं बदलावी लागली आहेत.

न्यायानं दुसरी बाजूही सांगायला हवी. १५२ मिमीच्या नळीतून उडणारा छर्ऱ्यांचा गोळा, ज्यात सुमारे दहा हजार बारीक पोलादी बाण असत, जंगलाच्या लढाईत भयानक परिणामकारक ठरला. काही तुकड्यांना शेरिडन त्यामुळेच आवडू लागला. हलका असल्यानं तो पॅटनपेक्षा चिखलातून बरा जायचा. पण ही कामगिरी एका रुंद, आखूड तोफेची होती. क्षेपणास्त्राचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

एम-६०ए२ची गत निराळी. तो १९७०च्या दशकाच्या मध्यावर जर्मनीतल्या तुकड्यांना मिळाला. पाचशेच्या वर रणगाडे झाले. जवान त्याला ‘स्टारशिप’ म्हणायचे, आणि हे कौतुक नव्हतं. आतल्या गुंतागुंतीला उद्देशून होतं. त्याच्यात आणखी एक गमतीची गोष्ट होती. अमेरिकी रणगाड्यांत लेझर अंतरमापक पहिल्यांदा त्याच्यावर बसला. लेझरनं अंतर अचूक कळू लागल्यावर साध्या १०५ मिमी तोफेचा नेम दोन किलोमीटरवरही लागू लागला. म्हणजे क्षेपणास्त्राची गरज संपवणारं यंत्र त्याच रणगाड्यावर, क्षेपणास्त्राशेजारीच बसलेलं होतं. १९८०च्या आसपास एम-६०ए२ सेवेतून गेला. त्याचे सांगाडे पूल टाकणाऱ्या आणि इतर अभियांत्रिकी वाहनांसाठी वापरले गेले. एमबीटी-७० त्याआधीच संपला होता. जर्मनी १९७०च्या सुरुवातीला बाहेर पडला आणि पुढच्या वर्षअखेर अमेरिकी संसदेनं उरलेल्या आवृत्तीवरही फुली मारली. १९८०चा एब्रॅम्स हा नवा मुख्य रणगाडा आला तो साधी १०५ मिमी तोफ घेऊन.

शेरिडन बहुतेक तुकड्यांतून १९७०च्या दशकाअखेर काढला, पण छत्रीधारी सैनिकांच्या ८२व्या हवाई डिव्हिजनकडे राहिला. कारण विमानातून टाकता येईल असा दुसरा रणगाडा नव्हता. मूळ दोन प्रश्नांपैकी पहिल्याचं उत्तर तो खरोखर होता. डिसेंबर १९८९मध्ये पनामात दहा शेरिडन छत्रीनं उतरवले गेले. १९९१च्या आखाती युद्धात शिलेली क्षेपणास्त्रं शत्रूवर प्रत्यक्ष डागली गेली. ती जेमतेम पाच-सहा. तयार झाली होती अठ्ठ्याऐंशी हजारांच्या आसपास.

किमान अंतर: ज्याकडे सुरुवातीला कमी लक्ष गेलं

क्षेपणास्त्राची चर्चा नेहमी पल्ल्यावर होते. दोन किलोमीटर, तीन, पाच. शिलेलीत दुसऱ्या टोकाचा आकडा जास्त अडचणीचा होता. नळीतून बाहेर पडल्यावर पंख उघडायला, स्थिर व्हायला, माग घेणाऱ्या यंत्राच्या नजरेच्या टप्प्यात यायला त्याला वेळ लागायचा. तोवर ते कुणाच्याच ताब्यात नसायचं. त्यामुळे साधारण ७३० मीटरच्या आतल्या लक्ष्यावर ते निरुपयोगी होतं.

आता सुरुवातीचा दोन किलोमीटरचा पल्ला घ्या. क्षेपणास्त्राला उपयोगाची जागा उरली सव्वा किलोमीटरच्या पट्ट्याची. त्यातही जवळच्या भागात साधा गोळा स्वस्त आणि लवकर पोचणारा. मध्य युरोपात टेकड्या, गावं, झाडी यांमुळे शत्रू पुष्कळदा त्या पट्ट्याच्या अलीकडेच दिसणार. हा हिशेब १९५९ साली पाटीवर मांडता आला असता. पल्ला वाढवून तीन किलोमीटर केला तो याच कारणानं, पण जमिनीचा चढउतार काही वाढवता येत नाही.

हा प्रश्न आजही सहज सुटत नाही. अर्जुनच्या १२० मिमी तोफेतून डागायचं लेझर-मार्गदर्शित क्षेपणास्त्र पुण्याच्या एआरडीईनं, पुण्याच्याच एचईएमआरएल आणि देहरादूनच्या आयआरडीई यांच्या साथीनं तयार केलं. या तिन्ही डीआरडीओच्या, म्हणजे संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेच्या, प्रयोगशाळा. २२ सप्टेंबर २०२०ला अहमदनगरजवळच्या (आताचं अहिल्यानगर) खारे कर्जुने चाचणी-क्षेत्रात त्यानं तीन किलोमीटरवरचं लक्ष्य भेदलं. लांबचा मारा झाला. पण २८ जून २०२२च्या चाचणीनंतर डीआरडीओनं भर दिला तो जवळच्या लक्ष्यावर: तोफेतून सुटणाऱ्या क्षेपणास्त्राच्या आकारमानावर बंधनं असल्यामुळे कमी अंतरावर मारा करणं हे आव्हान असतं, आणि ते पार पडलं. लांबच्या यशस्वी चाचणीनंतर जवळच्या चाचणीपर्यंत पावणेदोन वर्षं जावीत, यावरून या प्रश्नाचं वजन कळतं.

दुसरी बाजू कशी वागली

सोव्हिएतांनी आधी याहून मोठी चूक केली होती. १९६८चा आयटी-१ हा टी-६२च्या सांगाड्यावरचा रणगाडा. त्याला तोफच नव्हती. फक्त द्राकोन क्षेपणास्त्रं, पंधरा नग. ती संपली की रणगाडा म्हणजे चालतं पोलाद. थोडेच बनवले आणि काही वर्षांत गुंडाळले. फ्रेंचांनीही १४२ मिमीचा एक्रा नावाचा तोफ-प्रक्षेपक एएमएक्स-३०वर बसवून पाहिला आणि १९७२ साली खर्चाकडे बघून सोडला. म्हणजे ही भुरळ एकट्या अमेरिकेला पडली नव्हती.

फरक पडला तो १९७६च्या टी-६४बी या रणगाड्यात. सोव्हिएतांनी १२५ मिमीची सपाट नळीची, प्रचंड वेगानं दांडा सोडणारी तोफ जशी होती तशीच ठेवली. गोळा आणि दारू वेगवेगळ्या भरणारा स्वयंचलित भरणा-यंत्रही तसाच ठेवला. मग कोब्रा क्षेपणास्त्राला सांगितलं, की तू यात मावायचं. ते दोन तुकड्यांत कापलं: एक गोळ्याच्या जागी, दुसरा दारूच्या जागी, नळीत जाताना जोडले जाणारे. पल्ला चार किलोमीटर. सपाट नळीमुळे खाच नाही, खुंटी नाही, तडे नाहीत. क्षेपणास्त्र चुकलं, बिघडलं, महाग म्हणून मिळालंच नाही, तरी रणगाडा पूर्ण रणगाडा होता. टी-७२बी, टी-८०यू आणि टी-९० यांच्यात पुढं लेझर किरणावर स्वार होणारी क्षेपणास्त्रं आली, ती याच तत्त्वावर. टी-९०साठी आपल्याकडे बनणारं इन्वार त्याच घराण्यातलं.

याचा अर्थ सोव्हिएत मार्गासाठी काही किंमत मोजावी लागली नाही असा नाही. तोफेच्या व्यासात मावायचं म्हटलं की स्फोटकाचा शंकू १२५ मिमीच्या आतच राहतो. खांद्यावरून किंवा जीपवरून डागायच्या क्षेपणास्त्राला हे बंधन नसतं. पुढं चिलखतावर, येणाऱ्या माऱ्याला उलट स्फोटानं रोखणाऱ्या स्फोटक विटा आल्या, तेव्हा आधी विटेला फोडणारा आणि मग चिलखत फोडणारा असे दोन शंकू त्याच अरुंद जागेत बसवावे लागले.

वेगळं काय करता आलं असतं

लेझर अंतरमापक येणार हे १९५९च्या समितीला ठाऊक असायला हवं होतं, असं म्हणणं अन्यायाचं आहे. पहिला लेझरच १९६०चा. सहा-सात वर्षांनी मात्र चित्र दिसू लागलं होतं, आणि एम-६०ए२ पुढं रेटण्याचा निर्णय त्या उजेडात पुन्हा तपासायला हवा होता.

दोन प्रश्न एका उत्तरात बांधणं ही पहिली गफलत. छत्रीनं उतरणाऱ्या हलक्या वाहनाला लहान तोफ आणि बाहेर लावलेलं क्षेपणास्त्र पुरलं असतं. पुढं १९७०मध्ये आलेल्या टो या तारेच्या क्षेपणास्त्रानं जीप, चिलखती गाड्या आणि हेलिकॉप्टरवरून ते काम केलंच. जड रणगाड्याला चांगली तोफ आणि चांगलं अंतरमापक हवं होतं. शेरिडनसाठी तोफ-प्रक्षेपक निदान पटण्यासारखा होता, कारण त्याला जड तोफ झेपत नव्हती. पन्नास टनांच्या एम-६०ला ती अडचणच नव्हती. जे उत्तर अशक्ताच्या गरजेतून निघालं, ते सशक्ताच्या गळ्यात घातलं.

जळणारं आवरण पुढं ढकलता आलं असतं. पहिली काही वर्षं पितळी नळकांडी वापरली असती तर बुरूज अरुंद वाटला असता, वजन थोडं वाढलं असतं. पण चारपैकी एक अज्ञात गोष्ट कमी झाली असती, आणि नेमकी तीच सर्वांत जास्त रक्त सांडून गेली.

राहिला १९६५चा निर्णय. त्याच्याआधी एकच अट घालायला हवी होती, आणि ती लिहायला दोन ओळी पुरल्या असत्या. एकच वाहन घ्या. त्यातून वीस साधे गोळे सलग उडवा, भिजवलेले आणि खडबडीत रस्त्यावरून आणलेले. मग यंत्र न जुळवता, काही न बदलता, त्याच वाहनातून त्याच तोफचीनं शिलेली डागायचं, एकदा लांब आणि एकदा हजार मीटरच्या आत. ही परीक्षा पास होईपर्यंत कारखान्याला मागणी द्यायची नाही. गोळ्याची आणि क्षेपणास्त्राची स्वतंत्र चाचणी दोघांनाही पास करत गेली. एकत्र संसारात काय होतं ते जवानांना रणांगणावर कळलं.